जिर्गी, मोता, केके: हौसा भाषेतले प्रवासाचे शब्द कसे उलगडतात

हौसा भाषेत हेलिकॉप्टरला ‘जिर्गी मै सौकर उंगुलू’ म्हणतात. उंगुलू म्हणजे गिधाड, सौका म्हणजे उतरणं आणि जिर्गी म्हणजे जहाज. गिधाडासारखं उतरणारं जहाज! आकाशात घिरट्या घालणारं गिधाड पंख आवरत थेट जमिनीवर येऊन बसतं, तसं हे यंत्र. रेडिओवरच्या बातम्यांत हा शब्द अगदी सहज येतो, ऐकणाऱ्या कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. मला मात्र या एका शब्दातच हौसाचा सगळा स्वभाव दिसतो. नवं यंत्र आलं की ही भाषा घरात काय काय आहे ते आधी चाचपून बघते, दोन-तीन जुने शब्द उचलते आणि त्यांची गाठ मारते. गाठ कशी मारतात ते एकदा कळलं, की वाहतुकीचे शब्द पाठ करायचं काम निम्म्यावर येतं. बहुतेक शब्दसूच्यांत ‘विमान म्हणजे अमुक, रेल्वे म्हणजे तमुक’ अशी जोड्या लावल्यासारखी यादी असते. या लेखात यादी कमी आणि गाठ जास्त आहे.

हौसा मुख्यतः उत्तर नायजेरियात आणि त्याला लागून असलेल्या नायजर देशाच्या दक्षिण भागात बोलली जाते. कानो, झारिया, कत्सिना, सोकोतो ही नायजेरियातली हौसा शहरं, तर मरादी आणि झिंदेर नायजरमधली. त्याशिवाय पश्चिम आफ्रिकेत दूरदूरच्या बाजारांत ही भाषा व्यापाराची म्हणून चालते. तिचं मूळ कुळ आफ्रो-आशियाई, म्हणजे अरबी आणि हिब्रू ज्या मोठ्या कुटुंबातल्या आहेत त्याच कुटुंबाची चाडिक नावाची शाखा. पूर्वी ती अरबी लिपीत लिहीत, त्या लेखनाला अजमी म्हणतात. आज शाळांत आणि वर्तमानपत्रांत रोमन लिपी चालते, तिला बोको म्हणतात.

उच्चाराबद्दल आधीच थोडं सांगतो, कारण ते पुढे लागेल. हौसात तीन-चार ध्वनी असे आहेत जे मराठीत नाहीत. एक ‘क’ असा आहे की तो म्हणताना घसा क्षणभर बंद करून तोंडातली हवा झटक्यात सोडायची. एक ‘ड’ आणि एक ‘ब’ असे आहेत की हवा बाहेर ढकलण्याऐवजी किंचित आत ओढायची. हे दोन आपल्यापासून फार लांबचे नाहीत: सिंधीत तसे ‘ड’ आणि ‘ब’ आहेत, उल्हासनगरात कुणी सिंधी शेजारी असेल तर त्यांच्याकडून ऐकून घ्या. या लेखात मी अशा अक्षरांखाली नुक्ता दिला आहे: क़, ड़. तो हिंदी-उर्दूतला नुक्ता समजू नका, फक्त ‘इथे वेगळा ध्वनी आहे’ एवढीच ती खूण.

ही खूण महत्त्वाची का, ते प्रवासातच कळतं. ‘काया’ म्हणजे सामान, बोजा. ‘क़या’ म्हणजे काटा. गाडीच्या टपावर काया चढवायची असते, क़या नव्हे. तसंच ‘क़सा’ म्हणजे जमीन, आणि साध्या क-ने ‘कासा’ म्हटलं तर अर्थ होतो ‘जमलं नाही, कमी पडलं’.

आता जिर्गीकडे येऊ. जिर्गी म्हणजे मुळात पाण्यावर चालणारी नाव, होडी, जहाज. मग इंग्रजांच्या काळात रेल्वे आली. लागोस बंदरापासून निघालेला लोहमार्ग १९१२ पर्यंत कानोपर्यंत जोडला गेला आणि शेंगदाण्याची पोती समुद्राकडे जाऊ लागली. एवढं मोठं, माणसं आणि माल पोटात घेऊन चालणारं काहीतरी लोकांनी आजवर फक्त पाण्यावर पाहिलं होतं. तेव्हा ते झालं ‘जिर्गिन क़सा’, जमिनीचं जहाज. त्यानंतर विमान आलं, ते झालं ‘जिर्गिन समा’, आकाशाचं जहाज. आणि मूळ जहाजाला आता वेगळं ओळखता यावं म्हणून ते झालं ‘जिर्गिन रुवा’, पाण्याचं जहाज. क़सा, समा, रुवा: जमीन, आकाश, पाणी. तीन शब्द शिकलात की तिन्ही लोकांतली वाहनं हातात आली.

आपल्याकडे हे काम ‘गाडी’ करते. बैलगाडी, घोडागाडी, हातगाडी, आगगाडी, मोटारगाडी. मराठीने चाकाचा धागा धरला आणि हौसाने नावेचा. फरक एवढाच की आपण विशेषण आधी लावतो, हौसा नंतर लावते. आगगाडीत ‘आग’ आधी येते, जिर्गिन क़सात ‘जमीन’ शेवटी.

त्या ‘जिर्गिन’मधला न कुठून आला? मराठी माणसाला हौसा शिकताना सगळ्यात मोठी सवलत इथे मिळते, म्हणून इथे थोडं थांबू. आपण ‘झारियाची गाडी’ म्हणतो आणि ‘झारियाचा रस्ता’ म्हणतो. चा की ची हे झारियावरून ठरत नाही, ज्या वस्तूबद्दल बोलतोय तिच्या लिंगावरून ठरतं. हौसाचा नियम नेमका हाच आहे. वस्तू पुल्लिंगी असेल तर न, स्त्रीलिंगी असेल तर र. फक्त आपण प्रत्यय मालकाला चिकटवतो आणि हौसा तो वस्तूला चिकटवते. गाडी म्हणजे मोता, स्त्रीलिंगी. म्हणून ‘मोतर झारिया’, झारियाची गाडी. जिर्गी पुल्लिंगी, म्हणून ‘जिर्गिन अबुजा’, राजधानी अबुजाचं जहाज. शब्दाचा क्रम उलटा, पण हिशोब तोच. ज्या भाषांत लिंगभेदच नाही, त्या बोलणाऱ्यांना हा न-र बराच काळ छळतो. आपण मात्र लहानपणापासून चा-ची-चे करत आलो आहोत.

हौसात दोनच लिंगं, नपुंसक नाही. आणि लिंग ओळखायची एक सोपी खूण आहे: ‘आ’ने संपणारे शब्द बहुतेक स्त्रीलिंगी. मोता (गाडी), हन्या (रस्ता, वाट), ताया (टायर), ताशा (गाडीतळ) हे सगळे स्त्रीलिंगी. केके (सायकल), तिती (शहरातला रस्ता), बाबुर (मोटारसायकल) पुल्लिंगी. माणसांच्या बाबतीत ही खूण चालत नाही: ‘दिरेबा’ आ-ने संपतो, पण ड्रायव्हर पुरुष असेल तर पुल्लिंगीच.

अनेकवचन मात्र कष्टाचं आहे, आणि ते सोपं आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मोताचं मोतोची, जिर्गीचं जिरागे, केकेचं केकुना, हन्याचं हन्योयी, दिरेबाचं दिरेबोबी, घोडा म्हणजे दोकी तर घोडे म्हणजे दवाकी. यांच्यामागे नियम आहेत, पण ते इतक्या प्रकारचे आहेत की प्रत्येक नाम त्याच्या अनेकवचनासकट शिकणं हाच शहाणपणा. एक दिलासा आहे: अनेकवचनात लिंगाचा भेद मिटतो आणि सगळीकडे न लागतो. ‘मोतर झारिया’, पण ‘मोतोचिन झारिया’.

मोता हा शब्द इंग्रजी मोटरचा, हे कानाला लगेच कळतं. गाडीच्या आसपासचे बरेच शब्द असेच इंग्रजीतून आले, पण येताना त्यांनी हौसा पोशाख घातला. त्याचे नियम कळले की अनोळखी शब्दही ओळखू येतात. हौसात प नाही, त्याजागी फ येतो. पॅसेंजर झाला ‘फसिंजा’, पेट्रोल झालं ‘फेतुर’, टायरला लावायचं पॅच झालं ‘फाची’. इंग्रजी ‘v’सारखा दात-ओठांचा व नसल्यामुळे ड्रायव्हर झाला दिरेबा. जोडाक्षराने शब्द सुरू होऊ शकत नाही आणि शब्दाच्या शेवटी शक्यतो स्वर हवा, म्हणून ब्रेक झाला ‘बिर्की’, स्टेशनचं झालं ‘ताशा’. गावाकडे आपली माणसं ‘ठेसन’ म्हणतात त्याच जातीची ही घडण. डांबरी रस्त्याला ‘क्वल्ता’ म्हणतात, कारण डांबर म्हणजे कोलटार. सुट्टे पैसे म्हणजे ‘चांजी’. आणि सिग्नलच्या दिव्याला ‘दांजा’ म्हणतात, इंग्रजी डेंजरवरून. लाल दिवा दिसला की धोका. शब्द अगदी मुद्द्याचा आहे.

या सगळ्यांत माझा सर्वांत लाडका शब्द म्हणजे ‘बकानिके’, अर्थात मेकॅनिक. हौसात एखाद्या जागेचा किंवा जमातीचा माणूस सांगायचा तर शब्दाच्या आधी ‘ब’ लावतात आणि अनेकवचनात तो ‘ब’ गळून शेवटी ‘आवा’ येतं. कानोचा माणूस ‘बकानो’, कानोची माणसं ‘कानावा’. आता इंग्रजीतून मेकॅनिक आला. हौसा कानाला त्यातला पहिला ‘म’ ‘ब’सारखा वाटला, आणि लोकांनी त्याला त्याच साच्यात बसवलं. एक मेकॅनिक म्हणजे बकानिके, अनेक मेकॅनिक म्हणजे ‘कानिकावा’. जणू कानिका नावाचा एखादा प्रांत आहे आणि हे सगळे कारागीर तिथून आलेत! परका शब्द आपला कसा होतो, याचं इतकं सुंदर उदाहरण दुसरं क्वचित सापडेल.

केके या शब्दाची गोष्ट थोडी निराळी आहे. केके म्हणजे सायकल. पण ‘केकेन ड़िंकी’ म्हणजे शिलाई मशीन आणि ‘केकेन रुबुतू’ म्हणजे टाइपरायटर, रुबुतू म्हणजे लिखाण. सायकल, शिवणयंत्र आणि टाइपरायटर यांत समान काय? हातापायाने चालवायचं, फिरत्या भागांचं, घरात किंवा दुकानात मावेल एवढं यंत्र. म्हणजे जिर्गी हे मोठ्या, पोटात माणसं घेणाऱ्या यंत्राचं नाव आणि केके हे माणसाच्या आवाक्यातल्या यंत्राचं.

आणि याच केकेतून आपल्या घराशी एक खरा धागा जुळतो. नायजेरियाच्या रस्त्यांवर पिवळ्या रिक्षा धावतात, त्यांतल्या फार मोठ्या संख्येने बजाजच्या आहेत. बजाजच्या तीनचाकी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यात बनतात आणि नायजेरिया ही कंपनीची मोठी परदेशी बाजारपेठ राहिली आहे. वाळूजला कामाला असलेल्या कुणाच्या हातून फिट झालेली रिक्षा कानोत कुठल्या नावाने ओळखली जाते ते बघा.

देशभरात तिचं नाव ‘केके नॅपेप’. नॅपेप म्हणजे नॅशनल पॉव्हर्टी इरॅडिकेशन प्रोग्राम, २००१ साली सुरू झालेली सरकारी गरिबी हटाव योजना. तिच्यातून बेरोजगार तरुणांना रिक्षा दिल्या गेल्या आणि योजनेचं नाव वाहनाला चिकटलं. लागोसमध्ये हिला ‘मारुवा’ म्हणतात, कारण १९९६ ते १९९९ या काळात बुबा मारवा हे तिथले लष्करी गव्हर्नर होते आणि त्यांच्या कारकिर्दीत ती रस्त्यावर आली. कानोचं नाव मात्र सगळ्यांहून वेगळं: ‘आ दैदैता सहू’.

सहू म्हणजे रांग. दैदै म्हणजे बरोबर, सारखं. त्यापासून दैदैता, म्हणजे सारखं करणं. ‘रांग सरळ करा.’ मशिदीत नमाज सुरू होण्याआधी इमाम लोकांना जे सांगतात ते हे वाक्य. इब्राहिम शेकाराऊ २००३ ते २०११ कानोचे गव्हर्नर होते. त्यांच्या सरकारने समाजाचं आचरण सुधारावं म्हणून एक मोहीम काढली आणि तिला हेच नाव दिलं. त्याच काळात भाड्याच्या मोटारसायकलवर अनोळखी पुरुषाच्या मागे बायकांनी बसू नये असं सरकारने ठरवलं, आणि बायकांसाठी तीनचाकी आणल्या. रिक्षावर मोहिमेचं नाव होतं, लोकांनी तेच रिक्षाचं नाव केलं. आज कानोत कुणी ‘आ दैदैता सहू’ला हात करतो तेव्हा त्याच्या मनात ना मोहीम असते ना नमाजाची रांग. त्याला फक्त बाजारात जायचं असतं. इथिओपिया आणि टांझानियात तर लोक रिक्षालाच बजाज किंवा बजाजी म्हणतात. एकच वाहन, एका गावी त्याला योजनेचं नाव, दुसऱ्या गावी लष्करी अधिकाऱ्याचं, तिसऱ्या गावी प्रार्थनेतलं वाक्य आणि चौथ्या गावी आपल्या पुण्यातल्या कंपनीचं.

त्या भाड्याच्या मोटारसायकलला उत्तर नायजेरियात ‘अचाबा’ म्हणतात. दक्षिणेत तीच ‘ओकाडा’ होते, ओकाडा एअर नावाच्या विमान कंपनीवरून. आणि नायजरच्या हौसा शहरांत ‘काबू-काबू’. अचाबा चालवणारा तो ‘ड़न अचाबा’, शब्दशः अचाबाचा मुलगा. हा ‘ड़न’ हौसात सगळीकडे भेटतो. पोलीस म्हणजे ‘ड़न सांदा’, काठीचा मुलगा. हमाल म्हणजे ‘ड़न दाको’. अनेकवचनात ड़नचं ‘यान’ होतं. जानेवारी २०१३ मध्ये कानोच्या अमीरांच्या, म्हणजे तिथल्या पारंपरिक राजांच्या, ताफ्यावर सशस्त्र हल्ला झाला, त्यानंतर राज्य सरकारने मोटारसायकलवरून प्रवासी नेण्यावर बंदी घातली. एका फटक्यात शहरातले असंख्य यान अचाबा बेरोजगार झाले, आणि आ दैदैता सहू सगळ्यांचं वाहन बनलं. शब्दांचे दिवस असे पालटतात. अचाबा हा शब्द कानोत अजून माहीत आहे, पण रस्त्यावरची जागा दुसऱ्याने घेतली.

ड़नसारखाच दुसरा कामाचा शब्द ‘मै’, म्हणजे ‘-वाला’. मै मोता: गाडीवाला. मै केके: सायकलवाला. मै फाची: पंक्चरवाला. अनेकवचन ‘मासू’. पण सावध: तेलालाही ‘मै’च म्हणतात. पेट्रोल पंप म्हणजे ‘गिदन मै’, तेलाचं घर. लिहिताना दोन्ही सारखे दिसतात, बोलताना नाही. हौसा ही सुरांची भाषा आहे. प्रत्येक अक्षराला उंच, खालचा किंवा उतरता सूर असतो आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. तेलाचा मै उतरत्या सुरात म्हणायचा, ‘-वाला’चा मै खालच्या सुरात. रोजच्या लेखनात सूर दाखवत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घही दाखवत नाहीत, म्हणून पुस्तकावरून शिकणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. शब्द कानाने शिका, मग डोळ्याने. सुरुवातीला सूर चुकला तरी संदर्भावरून लोक समजून घेतात.

आता ताशा, म्हणजे गाडीतळ. शब्द लक्षात ठेवायला मराठी माणसाला अडचण येऊ नये. ढोलाच्या बाजूला ठेवा. रेल्वे स्टेशन ‘ताशर जिर्गिन क़सा’, बंदर ‘ताशर जिर्गिन रुवा’. विमानतळ तेवढा वेगळा: ‘फिलिन जिर्गिन समा’, आकाशजहाजाचं मैदान. गंमत म्हणजे टीव्हीच्या वाहिनीलाही ताशाच म्हणतात.

मोटारींच्या ताशात वेळापत्रक नसतं. आपल्याकडचं वडाप किंवा काळी-पिवळी जशी सीट भरल्या की सुटते, तसंच. ‘मोता ता चिका’, गाडी भरली, हे ऐकू आलं की निघायची वेळ झाली. गाडीच्या दाराशी लटकणारा, गावांची नावं ओरडणारा, पैसे गोळा करणारा पोरगा असतो, तो ‘करेन मोता’. शब्दशः गाडीचा कुत्रा. ऐकायला कठोर वाटतं, पण जुन्या काळच्या मालट्रकवरचं त्याचं काम डोळ्यांसमोर आणा: गाडीमागे धावायचं, उडी मारून चढायचं, चढावर गाडी थांबली की खाली उतरून चाकामागे लाकडाचा ठोकळा लावायचा, रात्री मालावर झोपून राखण करायची. आपल्या ट्रकवरचा ‘किन्नर’, म्हणजे क्लीनर, दुसरं काय करतो? सौम्य शब्द हवा असेल तर ‘यारोन मोता’, गाडीचा पोरगा. किंवा कंडक्टरवरून आलेला ‘क्वंदास्ता’. नवख्या माणसाने स्वतः बोलताना हेच दोन वापरावेत, असं मला वाटतं.

नामांपेक्षाही क्रियापदांत जुना काळ जास्त टिकून आहे. मोटारी येण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून हौसा व्यापारी घोडे, गाढवं आणि उंट घेऊन लांबचा प्रवास करत होते. सहारा ओलांडून येणाऱ्या तांड्यांची कानो ही मोठी पेठ होती. त्या तांड्याला ‘अयारी’ म्हणत, त्याच्या म्होरक्याला ‘मदुगू’, आणि मुक्कामाच्या जागेला ‘झंगो’. हे शब्द मेले नाहीत. बातम्यांत मंत्र्याच्या गाड्यांचा ताफा ‘अयारिन मोतोची’ असतो. शाळेच्या सत्राला ‘झंगोन करातू’ म्हणतात, अभ्यासाचा एक मुक्काम. घानामधल्या शहरांत उत्तरेकडून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या वस्त्यांना आजही ‘झोंगो’ म्हणतात, तो हाच झंगो.

घोड्यावर चढायचं त्याला ‘हौ’ म्हणत. आज मोता हौ करतात, बाबुर हौ करतात, जिर्गी हौ करतात. डोंगर आणि झाडही हौ करतात. त्याचं नाम ‘हवा’, आणि त्यापासून वाहनाचा सर्वसाधारण शब्द ‘अबिन हवा’, चढायची वस्तू. अनेकवचन ‘अबाबेन हवा’. हवेशी काही संबंध नाही, आपला कान फसतो एवढंच. रस्त्यात गाड्यांची कोंडी झाली की बातमीदार अबाबेन हवाची कोंडी झाली म्हणतो, आणि त्या वाक्यात नकळत घोडे आणि उंट उभे असतात.

चढण्याच्या उलट ‘सौका’. घोड्यावरून उतरणं, गाडीतून उतरणं, विमान जमिनीवर टेकणं, पाहुणा म्हणून कुणाकडे मुक्काम करणं, सगळं सौका. उतरायची जागा म्हणजे ‘मसौकी’, पाहुण्याचा मुक्काम, उतारू घर. मराठीतही आपण ‘कुठे उतरलात?’ असं पाहुण्याला विचारतो, तेव्हा हा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. कुराणाचं पठण पूर्ण केलं त्यालाही सौकाच म्हणतात. आणि ते गिधाड? तेही सौकाच करतं.

निघण्याचं क्रियापद ‘ताशी’. झोपेतून उठणं, उठून उभं राहणं, विमानाने उड्डाण करणं, गाडी सुटणं, बाजार उठणं, शाळा सुटणं. ‘जिर्गी या ताशी’: विमान निघालं. ‘मोता ता ताशी’: गाडी निघाली. या आणि ता यांतला फरक लिंगाचा. ‘निघाला, निघाली’ आपण शेवटी दाखवतो, हौसा क्रियापदाच्या आधी दाखवते. ताशी आणि ताशा यांचं नातं मात्र नाही. एक घरचा, एक स्टेशनवरून आलेला. शेजारी राहून सख्खे वाटतात इतकंच.

आणि ‘तूक़ा’. गाडी चालवणं, सायकल मारणं, होडी वल्हवणं, या तिन्हीला तूक़ा म्हणतात. पण हौसा घरात हा शब्द रोज ऐकू येतो तो चुलीपाशी. ‘तुवो’ हा तिथला रोजचा जेवणाचा पदार्थ, ज्वारी, बाजरी किंवा तांदळाच्या पिठाचा घट्ट गोळा. उकळत्या पाण्यात पीठ टाकून लाकडी काठीने जोर लावून ते घोटावं लागतं, त्याला तूक़ा म्हणतात. हातात दांडा धरून गोल-गोल जोर लावायचा: वल्हं, तुव्याची काठी, आणि मग स्टिअरिंग. ड्रायव्हरला दिरेबा म्हणतात तसंच ‘मतूक़ी’ही म्हणतात. आणि माणसाशिवाय उडणारा ड्रोन म्हणजे ‘जिर्गी मरर मतूक़ी’, चालक नसलेलं जहाज. चुलीवरच्या काठीपासून ड्रोनपर्यंत एकच धातू पोचला.

एवढ्या सामानावर कानोत रिक्षा करता येते. अनोळखी पुरुषाला ‘मालम’ म्हणावं, वयस्क बाईला ‘हाजिया’. संभाषण साधारण असं होतं:

‘मालम, झा का जे कासुवा?’ बाजारात जाणार का?
‘ए, शिगा.’ हो, बसा.
‘नवा ने?’ किती?
‘नाइरा ड़री बियर.’ पाचशे नाइरा.
‘आआ, या यी त्सादा. ड़री उकू.’ नाही, महाग झालं. तीनशे.
‘तो, मु जे.’ बरं, चला.

ड़री म्हणजे शंभर, बियर पाच, उकू तीन. आकडा शंभराच्या मागून येतो, म्हणजे ‘शंभर तीन’. ‘नवा’ म्हणजे किती, नवा-जुना यातला नवा नाही. चालक बाई असेल तर ‘झा का’चं ‘झा की’ होतं. ‘कुठे चाललास, कुठे चाललीस’ म्हणणाऱ्याला हे नवीन नाही. उतरायची जागा आली की ‘झन सौका आ नन’, मी इथे उतरतो. मग ‘ना गोदे’, आभार. वाटेत चौकातला गोल लागला तर त्याला ‘शतालेताले’ म्हणतात, आणि हात दाखवून गाड्या सोडणारा पोलीस ‘मै बा दा हन्नू’, हात देणारा. दिशा विचारायच्या तर अरेवा उत्तर, कुदू दक्षिण, गबस पूर्व, यम्मा पश्चिम. यम्मा म्हणजे संध्याकाळही, सूर्य तिकडेच जातो म्हणून. अरेवा म्हटलं की पुष्कळदा अख्खा उत्तर नायजेरियाच अभिप्रेत असतो.

उशीर झाला म्हणून तुम्ही चालकाला घाई करू लागलात तर तो एखादी म्हण ऐकवेल: ‘सन्नू बा ता हना झुवा.’ सावकाश जाणं पोचण्याच्या आड येत नाही. रस्त्यांची आणि जुन्या गाड्यांची अवस्था पाहता ही म्हण तिथे फार गांभीर्याने घ्यावी लागते. जुलै २०१६ मध्ये अबुजा ते कादुना अशी नवी रेल्वे सुरू झाली तेव्हा लोकांनी जिर्गिन क़साचं मनापासून स्वागत केलं, कारण त्या महामार्गावर अपघात आणि अपहरणं दोन्ही होत. पुढे मार्च २०२२ मध्ये त्याच गाडीवर हल्ला होऊन माणसं मारली आणि पळवली गेली. हौसा घरांत निघणाऱ्याला जो निरोप देतात, तो या पार्श्वभूमीवर ऐकावा: ‘अल्ला या कियाये हन्या.’ देव वाटेची राखण करो. नाहीतर ‘आ सौका लाफिया’, सुखरूप उतरा. घोड्यावरून, गाडीतून, विमानातून, कशातूनही. सौका सगळ्यांना पुरतो.

आणि तुम्ही पोचलात की यजमान पाणी पुढे करतात, ‘सन्नू दा झुवा’ म्हणून स्वागत करतात आणि विचारतात, ‘इना गजिया?’ थकवा कुठे आहे, म्हणजे फार दमलात का? बारा तास करेन मोताशेजारी, मांडीवर दुसऱ्याची काया घेऊन बसून आला असलात तरी याचं उत्तर ठरलेलं आहे: ‘बा गजिया.’ थकवा नाही.